डाग नसलेल्या सालीची किंमत कोण मोजतं?

केळीच्या निर्यातीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गट पडतात आणि दोघांचीही नजर भलत्याच जागी असते. एक गट म्हणतो, ही निर्यात म्हणजे आपलं पाणी खोक्यात भरून परदेशी धाडणं. तापी आणि भीमेच्या खोऱ्यात बोअर आटत चालल्या असताना दुबईच्या दुकानांसाठी केळी कशाला पिकवायची? दुसरा गट कंटेनर मोजतो. यंदा किती गेले, गेल्या वर्षी किती गेले होते, शेतकऱ्याला किती भाव मिळाला, आणि सोबतीला एखादं प्रमाणपत्र दाखवून सगळं ‘शाश्वत’ असल्याचं सांगतो. केळीची निर्यात वाढली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ती टिकणारी आहे की नाही, याचा निकाल धरणावर लागत नाही आणि प्रमाणपत्राच्या कागदावरही लागत नाही. घड कापल्यापासून कंटेनरचं दार बंद होईपर्यंत जे काही तास जातात, त्यांत तो लागतो. त्या तासांत लागणारं पाणी, प्लास्टिक, औषध, वीज, मजुरांचे हात आणि बाजूला फेकला जाणारा माल यांचा खर्च आज खोक्याच्या भावात कुठेही धरलेला नसतो. तो धरायला लावायचा असेल तर निर्यात लहान आहे तोवरच लावता येईल.

पाण्याचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. केळी हे तहानलेलं पीक आहे, यात शंका नाही. जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यात विहिरी आणि बोअर किती खोल गेल्या, हे तिथल्या कोणत्याही घरात विचारावं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना बाग जगवायला ठिबकवर रोज पाणी द्यावं लागतं, आणि ठिबक आलं म्हणजे उपसा कमी झाला असंही झालेलं नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग उभी राहिली. हे सगळं मान्य केलं, तरी त्याचा दोष निर्यातीच्या माथी जातो का? भारतात वर्षाला सुमारे साडेतीन कोटी टन केळी पिकते, जगातल्या उत्पादनाचा चौथा हिस्सा. २०२२-२३ मध्ये त्यातली निर्यात झाली सुमारे ३ लाख ६० हजार टन. शंभर किलोंतला एक किलो. उरलेली नव्व्याण्णव किलो केळी दिल्लीला, मुंबईला, कानपूरला जाते आणि तिनेही तेवढंच पाणी प्यालेलं असतं. उद्या निर्यात बंद केली तर रावेरच्या विहिरीत एक इंचही पाणी चढणार नाही. तोच घड पानांत गुंडाळून ट्रकने उत्तरेला जाईल, इतकंच. पाण्याचा प्रश्न लागवड किती आणि कुठे करावी हा आहे, आणि तो फार मोठा प्रश्न आहे. पण निर्यातीच्या वादात तो मिसळला की दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात.

उजनीच्या काठी तर हिशेब आणखी वेगळा आहे. करमाळा, कंदर, टेंभुर्णी या भागात केळीने जिथे पाय रोवले तिथे बऱ्याच ठिकाणी आधी ऊस होता. ऊस पाटपाण्यावर भिजवणाऱ्या शेतकऱ्याने जी-नाइन म्हणजे ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं लावली, ठिबक टाकलं, आणि निर्यातदाराची गाडी बांधावर येते म्हणून तो केळीत टिकला. निर्यात नसती तर त्याने सरकारी हमीचा ऊस सोडला असता का? पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

आता त्या मधल्या तासांकडे येऊ. निर्यातीचा घड पूर्ण भरायच्या आधीच, साधारण पंचाहत्तर-ऐंशी टक्के पक्व असताना कापतात. सकाळी लवकर कापणी सुरू होते. एक जण झाड वाकवतो, दुसरा घड खांद्यावरच्या फोमच्या गादीवर झेलतो. जमिनीला टेकवायचा नाही, घासू द्यायचा नाही. शेडमध्ये घड टांगून वाकड्या सुरीने फण्या उतरवतात. कापलेल्या जागेतून चीक वाहतो. तो सालीवर वाळला तर काळा ओघळ कायमचा बसतो, म्हणून फणी लगेच पाण्याच्या टाकीत जाते. तिथे तुरटी असते, कुठे क्लोरीन. दुसऱ्या टाकीत धुणं, मग निवड: बोटांची जाडी, लांबी, डाग, ओरखडे, वाकडेपणा. मग पाणी निथळवून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीतली हवा काढून, तेरा किलोच्या खोक्यात. खोकी शीतगृहात जाऊन फळातली शेताची ऊब उतरते आणि ते साडेतेरा अंशांच्या आसपास येतं. त्याच्या खाली गेलं तर साल करडी पडते, वर राहिलं तर वाटेतच पिकू लागतं. मग चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये पंधराशेहून थोडी जास्त खोकी, वीस टन माल, आणि न्हावा शेवा.

या साखळीत पर्यावरणाचा खर्च कुठे कुठे पडतो? टाकीतलं पाणी दिवसभरात चिकाने तपकिरी होतं, त्यावर फेस येतो, आणि संध्याकाळी ते बहुतेक ठिकाणी बागेच्या कडेला किंवा ओढ्यात सोडून दिलं जातं. घडाला बागेत घातलेली प्लास्टिकची पिशवी, स्कर्टिंग बॅग, फाडून काढली जाते. एकरात बाराशे ते सतराशे झाडं असतात, म्हणजे दर पिकाला एकरी तेवढ्याच पिशव्या, आणि त्या धुऱ्यावर पेटवल्या जातात किंवा वाऱ्यावर शेजारच्या शेतात जातात. नापास झालेल्या फण्यांचा ढीग. घड कापलेलं खोड, जे हेक्टरी साठ ते ऐंशी टन भरतं आणि कित्येक गावांत रस्त्याच्या कडेला टाकलेलं दिसतं. शीतगृहाची वीज, आणि ती गेली की डिझेल. यातली एकही बाब कंटेनर मोजणाऱ्यांच्या आकडेवारीत येत नाही. पाणीवाल्यांनाही ती दिसत नाही, कारण त्यांची नजर धरणावर.

बहुतेक खर्चाच्या मुळाशी एकच मागणी आहे: साल डागविरहित हवी. फुलकिड्यांनी साल खरवडू नये म्हणून केळफुलात औषधाचं इंजेक्शन, पानं घासू नयेत म्हणून पिशवी, चीक दिसू नये म्हणून टाक्या, आणि तरीही उरलेल्या डागांसाठी नापासांचा ढीग. साल कोणी खात नाही. सालीवरच्या फुलकिड्यांच्या खरवडीने आतल्या गराची चव बदलत नाही, टिकणंही फारसं बदलत नाही. युरोपीय महासंघाच्या नियमांवर लोक इतकी टीका करतात, पण त्या नियमांतसुद्धा पहिल्या वर्गाच्या केळाला दोन चौरस सेंटिमीटरपर्यंत आणि दुसऱ्या वर्गाच्या केळाला चार चौरस सेंटिमीटरपर्यंत वरवरचा डाग चालतो. अट एवढीच की गराला धक्का लागलेला नसावा. म्हणजे कायद्याला जो डाग चालतो, तो खरेदीदाराला चालत नाही. आपल्या शेडमध्ये नापास होणाऱ्या मालाचा मोठा भाग हा खाण्याजोगा असतो आणि कायद्यानेही विकण्याजोगा असतो. नापास फणीला स्थानिक व्यापारी जो भाव देईल तो घ्यायचा. त्या फरकाला आपण ‘गुणवत्तेचा प्रश्न’ म्हणतो आणि पुढे जातो.

फळाला असा शेडमधला साज चढवणं ही काही निसर्गाची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल ही जात चालायची. जाड सालीची, धक्के सोसणारी. तिचे अख्खे घड जहाजात रचून अमेरिकेला आणि युरोपला जात. फण्या उतरवायच्या, धुवायच्या, खोक्यात भरायच्या, हे काहीच नव्हतं. मग पनामा मर रोगाने मध्य अमेरिकेतल्या बागा खाल्ल्या. मोठ्या कंपन्यांनी दशकानुदशकं एकच उपाय केला: रोगट जमीन सोडायची, पुढचं जंगल तोडायचं आणि तिथे नवी बाग लावायची. जंगल संपत आलं तेव्हा, पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून, त्यांना रोग सोसणाऱ्या कॅव्हेंडिशकडे वळावं लागलं. आपली बसराई, आपली ग्रँड नैन ही सगळी त्याच कुळातली. कॅव्हेंडिशची साल नाजूक, म्हणून बागेतच धुण्याच्या टाक्या आल्या, पुठ्ठ्याची खोकी आली, प्लास्टिक आलं. पॅकहाऊस हा एका जातीच्या नाजूकपणावर काढलेला साठेक वर्षांपूर्वीचा तोडगा आहे. माणसाने काढलेला तोडगा माणसाला बदलताही येतो. आणि त्या इतिहासातली दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू पडते. कंपनीकडे पुढचं जंगल होतं. तांदलवाडीच्या किंवा कंदरच्या तीन एकरवाल्याकडे काय आहे? त्याची जमीन बिघडली तर त्याला सरकायला जागा नाही.

निर्यातीच्या केळीसाठी कुठवर जाता येतं, याचं उदाहरण फ्रान्सच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवर आहे. मार्टिनिक आणि ग्वाडेलूपमध्ये केळीवरच्या सोंडकिडीसाठी १९७२ पासून क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. अमेरिकेत त्याचा कारखाना कामगारांना विषबाधा झाल्यामुळे १९७५ मध्येच बंद पडला होता. फ्रान्सने १९९० मध्ये बंदी घातली, पण या बेटांना केळी उत्पादकांच्या आग्रहाखातर १९९३ पर्यंत सवलत दिली. आज तिथल्या प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात त्याचा अंश सापडतो, आणि जमिनीतून ते जायला शतकं लागतील असं शास्त्रज्ञ सांगतात. २०१८ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला पर्यावरणीय घोटाळा म्हटलं; २०२३ च्या जानेवारीत पॅरिसच्या न्यायाधीशांनी कोणावरही खटला न चालवता प्रकरण बंद केलं. केळी युरोपात पोहोचली, विकली गेली, खाल्ली गेली. विष बेटावरच राहिलं. ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे औषधाचा अंश नसलेलं फळ, एवढ्यावरच जे समाधान मानतात त्यांनी हे उदाहरण नीट पाहावं. फळाची तपासणी फळात काय उरलं ते सांगते. शेतात, ओढ्यात आणि फवारणाऱ्याच्या अंगात काय उरलं, ते ती सांगत नाही.

यावर निर्यातदारांचा एक प्रतिवाद आहे आणि तो प्रामाणिक आहे. आपली केळी मुख्यतः आखातात, इराणला, इराकला जाते. तिथला आयातदार पर्यावरणाचं प्रमाणपत्र मागत नाही. त्याला रंग, जाडी आणि भाव हवा. न मागितलेल्या गोष्टीसाठी खर्च कोण करील? इक्वेडोर आणि फिलिपाइन्स शेजारच्या रॅकवर असताना खोक्यामागे दहा रुपये वाढवले तर सौदा तुटेल. हे खरं आहे, आणि निर्यातदाराला नुसतं लोभी ठरवून ते खोटं होत नाही. त्याचा पैसा कंटेनरमध्ये अडकलेला असतो; समुद्रात बिघडलेला रीफर त्याला एका फेरीत बुडवू शकतो.

पण आखाती बाजार हा आपला कायमचा मुक्काम असावा, असं खुद्द सरकारलाही वाटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून समुद्रमार्गे एक प्रायोगिक कंटेनर निघाला आणि डिसेंबरात रॉटरडॅमला पोहोचला. अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, त्या वेळी पाच वर्षांत एक अब्ज डॉलरच्या केळी निर्यातीचं उद्दिष्ट सांगितलं. २०२२-२३ ची निर्यात होती सुमारे साडेसतरा कोटी डॉलरची. म्हणजे पाच-सहा पट वाढ. २०२४ च्या फेब्रुवारीत रशियालाही कंटेनर गेला. आता या लांबच्या प्रवासाचा शेडमधला अर्थ काय? आखातात माल थोड्या दिवसांत उतरतो, म्हणून फणीच्या कापलेल्या जागेवर बुरशी धरायच्या आत तो विकला जातो. युरोपला जायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात, आणि तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा ते आणखी वाढले. तेवढे दिवस फणीची कापलेली जागा शाबूत ठेवायला जगभर सर्रास बुरशीनाशकं वापरतात, थायबेंडाझोल, इमाझालिल यांसारखी. ती दोन्ही पाण्यातल्या जीवांना घातक आहेत. आज आपल्या शेडमधून ओढ्यात जातं ते चिकाचं आणि तुरटीचं पाणी. उद्या त्याच ओढ्यात, त्याच सवयीने, बुरशीनाशकाचं पाणी जाईल. सवय बदलायची वेळ त्याच्या आधीची आहे की नंतरची?

बुरशीनाशकाला पर्याय नाही असंही नाही. सेंद्रिय केळी पेरू देशातून आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून युरोपला जाते तेव्हा तिथल्या शेडमध्ये तुरटी आणि लिंबूवर्गीय अर्कांवर भागवतात. त्यासाठी सुरी धारदार आणि स्वच्छ लागते, काप एका फटक्यात गुळगुळीत यावा लागतो, पाणी वेळेवर बदलावं किंवा शुद्ध करावं लागतं, आणि कापणीनंतर काही तासांतच फळ थंड करावं लागतं. थोडक्यात, औषधाची जागा कौशल्य, वेळ आणि शिस्त घेते. या तिन्हींना मजुरी लागते. औषधाचा डबा स्वस्त पडतो.

आपल्याला परदेशात जाऊन शिकायची गरज नाही. नाशिककडे पाहिलं तरी पुरे. द्राक्षाची निर्यात केळीच्या आधी दोन दशकं युरोपात स्थिरावली होती, माल कोणत्या बागेतला याचा मागोवा घेणारी ग्रेपनेट व्यवस्थाही होती. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. ते रसायन तोवर आपल्या तपासणीच्या यादीत नव्हतं, नंतर आलं. दरम्यान ज्या शेतकऱ्यांचा माल तिकडे पडून राहिला त्यांना त्या वर्षीचे पैसे मिळवायला काय काय करावं लागलं, हे निफाड-दिंडोरीत अजून सांगितलं जातं. द्राक्षाची शिस्त पुढे वाढली, आज ती वाखाणण्याजोगी आहे. पण त्या शिस्तीचा पहिला हप्ता कोणी भरला? नियम करणाऱ्याने नाही, खरेदी करणाऱ्यानेही नाही. केळीत आपण तेच परत होऊ देणार असू, तर द्राक्षाने आपल्याला काही शिकवलं असं म्हणता येणार नाही.

‘लहान शेतकऱ्याला हे झेपणार नाही’ हा आणखी एक युक्तिवाद, आणि तो बहुधा शेतकऱ्याच्या कळवळ्याने केला जातो. एकट्या शेतकऱ्याला झेपणार नाही, हे बरोबर. पण निष्कर्ष काय काढायचा? पेरूच्या उत्तरेकडच्या पिउरा भागात, चिरा नदीच्या खोऱ्यात, एक-एक हेक्टरचे शेतकरी सहकारी संस्था करून सेंद्रिय केळी युरोपला पाठवतात. ज्या महाराष्ट्राने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, ज्या जळगावात फळबागायतदारांचे संघ एकेकाळी वॅगन भरून केळी दिल्लीला पाठवत होते, त्या महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सावदा, निंभोरा, रावेर इथून केळीच्या गाड्या भरल्या जायच्या तेव्हा एकेक शेतकरी वॅगन भरत नव्हता. संघटित व्हायची रीत आपल्याकडे होती, ती विस्कटली. संघ राजकारणात बुडाले, हेही खरं. पण त्यावर उपाय म्हणून आपण शेतकऱ्याला एकट्याने परदेशी बाजारासमोर उभं केलं, तो आजारापेक्षा वाईट निघाला.

सामायिक शेडचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो, आणि या वादात ते कारण कोणी काढत नाही. पनामा मर रोगाचा नवा अवतार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाच मारतो. तो बिहारमध्ये आणि उत्तर प्रदेशात पोहोचलेला आहे. २०१९ मध्ये कोलंबियात आणि २०२१ मध्ये पेरूतही सापडला. त्याचे बीजाणू मातीत दशकानुदशकं तग धरतात, आणि ते जातात चिखलाच्या बुटांबरोबर, सुरीबरोबर, रोपांबरोबर, वाहत्या पाण्याबरोबर. आता आपली निर्यातीची कापणी कशी चालते ते पाहा. एकच टोळी आज या बागेत, उद्या पलीकडच्या तालुक्यात, परवा सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरकडे. त्याच सुऱ्या, तेच टब, तेच कॅरेट, तीच गाडी. शेतातच ताडपत्रीखाली धुणं-भरणं आणि पाणी तिथेच जमिनीत. रोग पसरवायची यापेक्षा सोयीची व्यवस्था मुद्दाम आखूनही बनवता आली नसती. पाण्याचा पुनर्वापर करा, असं पर्यावरणवादी सांगतात, तेही अर्धवटच सांगतात: निर्जंतुक न करता फिरवलेलं पाणी एका बागेचा रोग दहा बागांच्या फळांवर चढवेल. पंचक्रोशीला एक पक्की शेड, गाळ बसवायची टाकी, क्लोरीनची मोजणी, आणि बागेत शिरताना बूट-सुऱ्या बुडवायचं साधं भांडं. आक्षेप असा येईल की घड शेडपर्यंत नेताना वाटेत घासतो, आणि आपल्या शिवाररस्त्यांवर तो घासतोच. म्हणून शेड लांब नको, गाडीत गादी हवी, आणि रस्ता हवा. शिवाररस्त्यासाठी पैसा मागताना हा मुद्दा शेतकऱ्यांनी जरूर मांडावा.

खोडांचं आणि नापास मालाचं त्यामानाने सोपं आहे, म्हणून तिथे फार रेंगाळत नाही. नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडापासून धागा आणि उरलेल्या रसापासून द्रवरूप खत काढण्याचं तंत्र केव्हाच सिद्ध केलं आहे. खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातेतलं हे विद्यापीठ, त्याच मातीतलं पीक. धाग्याला गिऱ्हाईक कमी असेल तर खोड कुट्टी करून बागेतच जिरवावं, निदान ते रस्त्यावर कुजू नये. अडचण तंत्राची नाही. एका एकराच्या खोडांसाठी कोणी यंत्र आणत नाही. शंभर एकरांची खोडं एकाच आठवड्यात मोकळी होतात हे ज्या शेडच्या वहीत लिहिलेलं असेल, तिथे यंत्र आपोआप येईल.

मजुरांबद्दल मात्र थांबावं लागेल. निर्यातीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हातमोजे देतात, नखं कापायला लावतात. कशासाठी? फळाला ओरखडा जाऊ नये म्हणून. चीक आणि क्लोरीनच्या पाण्यात दिवसभर बुडालेल्या हातांच्या कातडीसाठी मोजा द्यावा, हा विचार त्यात नसतो. म्हणून पातळ, फाटका मोजाही चालून जातो. या टोळ्यांतले कित्येक जण दूरच्या राज्यांतून आलेले, मुकादमाच्या हिशेबावर काम करणारे. मध्य अमेरिकेतल्या बागांत नेमागॉन नावाचं सूत्रकृमीनाशक वापरलं गेलं आणि हजारो कामगार वंध्य झाले. अमेरिकेत त्यावर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निर्बंध आले, बागांतल्या माणसांचे खटले पुढे कित्येक वर्षं चालत राहिले. आपल्याकडे तसं काही घडतंय असा माझा आरोप नाही. पण केळफुलात इंजेक्शन देणाऱ्या माणसाने आज कोणतं औषध हाताळलं, याची नोंद कुठे आहे? फळाची नोंद प्लॉटपर्यंत नेता येते. भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी २०२१ मध्ये तांदलवाडीहून दुबईला गेली, तेव्हा ती कोणत्या गावाची हे अभिमानाने सांगता आलं. ज्या व्यवस्थेला गाव सांगता येतं तिला फवारणाऱ्याचं वेळापत्रकही ठेवता येईल.

राहिला पैशांचा मुद्दा, आणि शेवटी सगळं तिथेच अडतं. फेअरट्रेड या रास्त व्यापाराच्या प्रमाणपत्राच्या व्यवस्थेत केळीच्या १८.१४ किलोंच्या खोक्यामागे एक डॉलर वेगळा मिळतो, आणि तो शेतकऱ्यांच्या किंवा कामगारांच्या समितीने सामायिक कामासाठीच खर्च करायचा असतो. तो दर आपल्या वीस टनांच्या कंटेनरला लावला तर साधारण अकराशे डॉलर होतात. एका पंचक्रोशीतून हंगामात पन्नास कंटेनर गेले, तर त्यातून गाळाची टाकी होते, पिशव्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची गाडी लागते, चांगले मोजे येतात आणि शेडच्या छपरावर सौर पट्ट्यांची सुरुवातही होते. किलोमागे पाहिलं तर ही रक्कम साडेपाच सेंट. आखातातला आयातदार आज एवढी देणार नाही, हे मी वर मान्य केलंच आहे. मग तोवर निम्मा भार सरकारने उचलावा. शीतगृहांना अनुदान मिळतंच, त्या अनुदानाला धुण्याच्या पाण्याची आणि पिशव्यांच्या परतीची अट जोडायला नवा कायदाही लागत नाही. उरलेल्या निम्म्यासाठी निर्यातदारांनी आपसात ठरवावं की दोन चौरस सेंटिमीटरपर्यंतचा डाग असलेली फणी नापास करायची नाही, वेगळ्या खोक्यात, थोड्या कमी भावाने, पण निर्यातीलाच पाठवायची. नापासांचा ढीग जेवढा उतरेल तेवढा पैसा शेडमध्येच सापडेल. आणि रॉटरडॅमच्या ग्राहकाशी पहिला मोठा करार होईल तेव्हा भावाच्या खाली ही रक्कम स्वतंत्र ओळीत लिहिलेली असली पाहिजे, शेतकऱ्याच्या भावातून कापून घेतलेली नव्हे. सौदापावतीवर ती ओळ छापून घ्यायचं काम शेतकरी संघटनांचं आहे, आणि भावासाठी जेवढ्या आवाजात त्या भांडतात तेवढ्याच आवाजात त्यांनी यासाठीही भांडावं.